‘वेस्ट लँड’वर आता नवीन काय लिहिणार?

प्रश्न विचारणाऱ्या बाई एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतात. एमए झालंय, अध्यापक पात्रतेची सेट झालीय, पीएचडी प्रवेशाची पेटही काढलीय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "आधुनिक ब्रिटिश आणि अमेरिकन साहित्यावर पीएचडी करायची इच्छा आहे. पण ‘द वेस्ट लँड’ ही कविता लिहिणारा एलियट, वुल्फ, हेमिंग्वे यांच्यावर लिहायचं काही शिल्लक आहे का? या विषयात प्राध्यापक लोक संशोधन म्हणून नेमकं करतात तरी काय? आणि परदेशी न जाता ते इथे बसून होतं का?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं की उरलेल्या दोन्हींची उत्तरं त्यातच येतील, म्हणून तिथून सुरुवात करते.

आपल्याकडे इंग्रजीच्या पीएचडीची एक मळलेली वाट आहे. एक लेखक घ्यायचा, त्याच्या चार-पाच कादंबऱ्या निवडायच्या आणि त्यांच्या शेजारी एक संकल्पना ठेवायची: परात्मता (तुटलेपणाची जाणीव), अस्मिता, पर्यावरण, त्या वर्षी जी चलनात असेल ती. पहिल्या प्रकरणात लेखकाचं चरित्र, दुसऱ्यात संकल्पनेचा इतिहास, पुढे दर कादंबरीला एक प्रकरण आणि शेवटी निष्कर्ष, की या कादंबऱ्यांत परात्मता आढळते. असा आराखडा आरआरसीत, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीत, बिनबोभाट मंजूर होतो, कारण त्यात कुणाला बोट ठेवायला जागाच नसते. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, कोणत्याही मोठ्या लेखकाचं नाव टाकून बघा, अशा प्रबंधांची रांग दिसेल. अडचण एवढीच, की परात्मता सापडणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येऊच शकत नाही, त्याच्यामागे तीन-चार वर्षं घालवण्यात काय हशील?

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच काम सांगते. अर्थ नंतर लावा, हातातल्या पुस्तकाचा मजकूर कुठून आला ते आधी काढा. ही आवृत्ती कोणती? तिच्याआधी तो मजकूर कुठल्या मासिकात आला होता? मधे काय गाळलं गेलं, कुणी गाळलं? पैसे कुणी मोजले? जमीन घेताना आपण सातबारा बघतो, फेरफार काढून आणतो. एका कवितेवर आयुष्याची काही वर्षं लावताना मात्र तिचा उतारा मागायचं कुणाला सुचत नाही. आधुनिक इंग्रजी साहित्यावर अलीकडच्या काळात जे भरीव काम झालं, त्यातलं बरंचसं याच अंगानं झालं आहे. सिद्धांत नको असं मी म्हणत नाही. पण सिद्धांत कशाला लावायचा ते तरी आधी हातात पक्कं हवं.

एक उदाहरण अगदी जवळून बघू. व्हर्जिनिया वुल्फची ‘टु द लाइटहाउस’ ५ मे १९२७ रोजी लंडन आणि न्यूयॉर्क अशा दोन्ही ठिकाणी निघाली. लंडनला वुल्फ दांपत्याच्या स्वतःच्या होगार्थ प्रेसनं काढली, न्यूयॉर्कला हारकोर्ट ब्रेसनं. कादंबरी तीच, तारीखही तीच, पण मजकूर तंतोतंत तोच नाही. वुल्फनं प्रुफांचे दोन संच तपासले आणि दोन्हींवर सारख्या दुरुस्त्या केल्या नाहीत. कादंबरीच्या मधल्या भागात दहा वर्षं सरतात आणि जिच्याभोवती सगळं घर फिरत होतं ती मिसेस रॅमझी चौकटी कंसातल्या एका वाक्यात, जाता जाता, मरून जाते. लंडनच्या आवृत्तीत त्या वाक्याची घडण साधारण अशी आहे: मिस्टर रॅमझींनी एका काळोख्या सकाळी बोळातून ठेचकाळत जाताना हात पुढे केले, पण मिसेस रॅमझी आदल्या रात्री काहीशा अचानक वारल्या असल्यानं त्यांनी हात पुढे केले. ते रिकामेच राहिले. ‘हात पुढे केले’ दोनदा येतं. ‘पण’ म्हटल्यावर जे यायला हवं ते येतच नाही, व्याकरण मधेच कोलमडतं, आणि मग ते तुटक छोटं वाक्य. न्यूयॉर्कच्या आवृत्तीत हे सगळं एका सरळ वाक्यात बसवलंय: हात पुढे केलेले असूनही रिकामे राहिले.

आता ‘वुल्फची गद्यशैली’ या विषयावर लिहिणाऱ्यानं यातलं वुल्फचं वाक्य कोणतं समजायचं? पहिलं मोडकं वाक्य ही राहून गेलेली चूक होती आणि दुसऱ्या संचावर तिनं ती दुरुस्त केली, असा युक्तिवाद करता येतो. माणूस ठेचकाळतो तसं वाक्यही ठेचकाळू दिलंय, असंही म्हणता येतं. मला लंडनचं वाक्य जास्त आवडतं, पण आवडणं हा काही पुरावा नाही. पुरावा शोधायचा तर हस्तलिखित, टंकलिखित, प्रुफं आणि दोन्ही पहिल्या आवृत्त्या शेजारी ठेवून इतर ठिकाणी तिनं काय केलंय ते तपासावं लागतं. मधल्या भागाचा एक आधीचा खर्डा शार्ल मोरोंच्या फ्रेंच भाषांतरात १९२६ सालीच ‘कोमेर्स’ या त्रैमासिकात येऊन गेला होता, तोही या रांगेत बसवावा लागतो. यातलं बहुतेक साहित्य ‘वुल्फ ऑनलाइन’ या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. आपल्याकडच्या स्वस्त पुनर्मुद्रणांवर मात्र पाठ लंडनचा की न्यूयॉर्कचा हे बहुधा छापलेलंच नसतं. विद्यार्थी एक आवृत्ती वाचतो, त्याचा समीक्षक दुसऱ्या आवृत्तीबद्दल बोलत असतो, आणि दोघांचं भांडण आहे हे कुणाच्या गावीही नसतं.

हे झालं एका वाक्याचं. आता तुम्ही जिला हात लावायला कचरताय त्या कवितेकडे येऊ.

१९२१ साली टी. एस. एलियट लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीला होता. मनाचं दुखणं वाढलं तेव्हा बँकेनं त्याला तीन महिन्यांची रजा दिली. काही आठवडे तो मार्गेटला समुद्रकाठी राहिला, मग उपचारांसाठी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला गेला. ‘द वेस्ट लँड’ या काळात पुरी झाली आणि १९२२च्या जानेवारीत पॅरिसला त्याचा कवी-मित्र एझरा पाउंड याच्या हातात पडली. पाउंडनं रेघा मारून ती जवळजवळ निम्मी केली. चौथ्या भागात एका समुद्रप्रवासाची लांबलचक हकीकत होती. शेपटाकडच्या दहा ओळी तेवढ्या उरल्या. तिसऱ्या भागाच्या तोंडाशी फ्रेस्का नावाच्या बाईवर अठराव्या शतकातल्या अलेक्झांडर पोप या कवीच्या वळणाची सयमक द्विपदी होती, ती सबंध गेली. अगदी सुरुवातीचा भाग मात्र एलियटनं स्वतःच काटला: बॉस्टनमधल्या एका दारूबाज रात्रीच्या पन्नासेक ओळी. त्या राहिल्या असत्या तर एप्रिलला निर्दय म्हणणारी ती जगप्रसिद्ध ओळ पहिली ओळ ठरलीच नसती. खर्ड्याला तेव्हा डिकन्सच्या कादंबरीतून उचललेलं, वेगवेगळ्या आवाजांत पोलिसांच्या बातम्या वाचून दाखवणाऱ्या पोराचं शीर्षक होतं.

पत्नी व्हिव्हियनचा हातही त्या कागदांवर आहे. दुसऱ्या भागाच्या समासात तिनं पसंतीचे शेरे मारलेत. पबमधल्या बायकांच्या बोलण्यात तिनं सुचवलेली एक ओळ तशीच छापली गेली, आणि बुद्धिबळाच्या हस्तिदंती सोंगट्यांची एक ओळ तिच्या सांगण्यावरून गाळली गेली. ती ओळ एलियटनं १९६० साली, लंडन लायब्ररीच्या मदतीसाठी कवितेची हातानं नक्कल करून दिली तेव्हा, आठवणीनं परत घातली. तोवर व्हिव्हियनला जाऊन तेरा वर्षं झाली होती. आता यातला अंतिम पाठ कोणता म्हणायचा?

हे सगळं आपल्याला कळलं तेच मुळात उशिरा. एलियटनं हे खर्डे १९२२ साली न्यूयॉर्कचा वकील आणि कलासंग्राहक जॉन क्विन याला भेट म्हणून पाठवले. क्विन १९२४ साली वारला आणि कागद नाहीसे झाले असंच सगळे धरून चालले. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बर्ग संग्रहानं ते १९५८ साली गुपचूप विकत घेतले होते, जाहीर केलं १९६८ साली. एलियट १९६५ साली गेला. हे त्याला कधी कळलंच नाही. त्याची दुसरी पत्नी व्हॅलेरी एलियट यांनी संपादित केलेली छायाप्रत-आवृत्ती १९७१ साली आली. तोवर कित्येक समीक्षकांनी या कवितेची रचना पहिल्यापासून कशी एकसंध योजलेली आहे हे सिद्ध करण्यात आपली उमेद घालवली होती. खर्डे समोर आल्यावर त्यातली बरीच मांडणी एका दिवसात जुनी झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र ती अजून ठाण मांडून आहे.

पैशाचा भाग तर वर्गात कधी निघतच नाही. लॉरेन्स रेनी या अभ्यासकानं तो पत्रव्यवहारातून खणून काढला. ‘द डायल’ या न्यूयॉर्कच्या मासिकानं कवितेला १५० डॉलर देऊ केले होते, एलियट त्यावर खूष नव्हता. अखेर क्विनच्या कार्यालयात मासिक आणि बोनी अँड लिव्हराइट हे पुस्तक-प्रकाशक यांची बोलणी झाली. मासिकानं कविता टिपांशिवाय आधी छापावी, वर आपलं २००० डॉलरचं पारितोषिक त्या वर्षी एलियटला द्यावं, आणि प्रकाशकाचं पुस्तक निघेल तेव्हा त्याच्या ३५० प्रती उचलाव्यात, असं ठरलं. म्हणजे ज्या पारितोषिकानं कवितेचा गाजावाजा झाला ते सौद्याचाच एक भाग होतं. यानं कविता लहान होत नाही. पण बाजाराला तुच्छ मानणारी, मूठभर रसिकांची म्हणून शिकवली जाणारी ही आधुनिकतावादी (मॉडर्निस्ट) चळवळ बाजारातच कशी उभी राहिली, ते यातून दिसतं.

टिपांची गोष्ट याच सौद्याला लागून आहे. १९२२च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘द क्रायटेरियन’च्या पहिल्या अंकात कविता आली तेव्हा टिपा नव्हत्या, ‘डायल’मध्येही नव्हत्या. त्या आल्या डिसेंबरच्या अमेरिकन पुस्तकात. एलियटनं पुढे १९५६च्या एका व्याख्यानात सांगून टाकलं, की उसन्या ओळींवरून वाङ्मयचौर्याचा आरोप होऊ नये म्हणून आधी फक्त संदर्भ द्यायचे होते. पण पुस्तक फारच बारीक होऊ लागलं तेव्हा पानं भरायला टिपा वाढवल्या. त्यांना त्यानं बनावट पांडित्य असंच म्हटलं. आपल्याकडे याच टिपा परीक्षेला विचारतात.

१९२३च्या सप्टेंबरात होगार्थ प्रेसनं पहिली ब्रिटिश पुस्तक-आवृत्ती काढली, सुमारे ४६० प्रती. खिळे व्हर्जिनिया वुल्फनं स्वतः जुळवले. तिच्यात लंडन ब्रिजवरून लोटणारी गर्दी पुलाखालून गेलीय. एलियटनं भेट दिलेल्या काही प्रतींत शाईनं ‘खालून’चं ‘वरून’ केलेलं आढळतं. हातजुळणीच्या पुस्तकात हे व्हायचंच, पण अशी एक चूक सापडली की कुणाची प्रत कुणी वापरून पुढचं छापलं याचा माग काढता येतो. पाठ-संशोधकाला चुका फार प्रिय असतात.

रेनीचंच आणखी एक काम तुम्हाला सांगितलं पाहिजे, कारण ‘प्राध्यापक नेमकं काय करतात’ याचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरं नाही. कवितेचा कोणता भाग आधी लिहिला गेला? खर्ड्यांवर तारखा नाहीत. ते दोन-तीन वेगवेगळ्या टंकयंत्रांवर उतरलेत, आणि १९२१च्या उन्हाळ्यात एलियटचा भाऊ हेन्री लंडनला येऊन आपलं यंत्र त्याच्यापाशी ठेवून गेला होता. एवढ्या आधारावर काही मातब्बर अभ्यासकांनी तिसरा भाग सर्वांत जुना ठरवला होता. रेनीनं वेगळी वाट धरली. एलियटची त्या काळातली शेकडो पत्रं संग्रहासंग्रहांतून मिळवून त्यांचा कागद तपासला: जलचिन्ह, मापं, जाडी. पत्रांवर तारखा असतात. अमुक कागद अमुक महिन्यांत तो वापरत होता हे एकदा बसलं, की त्याच कागदावरचा खर्डा आपसूक त्या महिन्यांत जाऊन पडतो. निष्पन्न झालं ते उलटंच: पहिले दोन भाग आधीचे, तिसरा नंतरचा. २००५ साली हे पुस्तकरूपानं आलं. यात ‘मला असं वाटतं’ला जागा नाही आणि उत्तर चुकीचं ठरू शकलं असतं. म्हणूनच मी याला संशोधन म्हणते.

‘सगळं लिहून झालंय’ याचं उत्तरही इथेच आहे. एमिली हेल या मैत्रिणीला एलियटनं लिहिलेली ११३१ पत्रं प्रिन्स्टन विद्यापीठात मोहोरबंद होती. ती २ जानेवारी २०२० रोजी उघडली. त्याच दिवशी हार्वर्डनं एलियटचं १९६० सालचं निवेदन प्रसिद्ध केलं. पत्रं उघडतील तेव्हा आपलीही बाजू वाचली जावी म्हणून तो लिहून ठेवून गेला होता. पत्रांत तो तिला ‘वेस्ट लँड’मधल्या हायसिंथच्या बागेच्या ओळी वाचायला सांगतो. म्हणजे निव्वळ वैयक्तिकतेपासून पळणाऱ्या, व्यक्तिनिरपेक्ष कवितेचा सिद्धांत मांडणाऱ्या कवीच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेत एक विशिष्ट स्त्री आहे, आणि तसं तो स्वतः म्हणतो. पत्रं आता संपादित होऊन एलियटच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचायला मिळतात. २०२० आधीच्या एकाही प्रबंधकाराला ती मिळाली नव्हती.

एक क्षेत्र तर तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांच्या हक्काचं आहे. एलियट हार्वर्डमध्ये चार्ल्स लॅनमनकडे संस्कृत आणि जेम्स वुड्सकडे पतंजली शिकला होता. कवितेच्या शेवटी बृहदारण्यकातला मेघगर्जनेचा ‘द द द’ येतो. उपनिषदात क्रम आहे देवांना दाम्यत (संयम राखा), माणसांना दत्त (द्या), असुरांना दयध्वम् (दया करा). एलियट माणसांच्या ‘दत्त’पासून सुरू करतो, ‘दाम्यत’ शेवटी नेतो आणि देव-असुरांची विभागणीच काढून टाकतो. टिपेत तो डॉयसनच्या जर्मन भाषांतराचा हवाला देतो. मूळ, जर्मन आणि खर्डा शेजारी ठेवून हा बदल कसा घडला याचा बारकाईनं शोध घेणारं काम ‘एलियट आणि भारतीय तत्त्वज्ञान’ या शीर्षकाच्या नेहमीच्या प्रबंधांत मला क्वचितच दिसतं. तिथे शांतिमंत्राचा अर्थ सांगून प्रकरण आटोपलेलं असतं. शाळेत आठवी-नववीला घेतलेलं संस्कृत इथे कामाला येईल.

अमेरिकेच्या बाजूला तर अजून मोकळं रान आहे, विशेषतः कृष्णवर्णीय लेखकांच्या बाबतीत. नेला लार्सनची ‘पासिंग’ १९२९ साली क्नॉफनं काढली. पहिल्या दोन छपायांत शेवटी एक छोटा परिच्छेद आहे, ज्यात एक अधिकारी मृत्यूला अपघात ठरवायच्या बेतात असतो. तिसऱ्या छपाईत तो परिच्छेद नाही आणि कादंबरी नायिकेच्या डोळ्यांपुढे अंधारी येते तिथेच संपते. कुणी काढला, लेखिकेनं की प्रकाशकानं, याचा कागदोपत्री पुरावा नाही. आजच्या आवृत्त्यांतही काहींत तो आहे, काहींत नाही. खिडकीतून पडलेली बाई पडली की ढकलली गेली, हा या कादंबरीवरचा सनातन वाद. आणि तो घालणाऱ्या दोघांच्या हातात दोन वेगळे शेवट असू शकतात. गोऱ्या लेखकांत कवयित्री सिल्व्हिया प्लाथचंही तसंच. १९६५ सालचा ‘एरियल’ हा संग्रह तिचा नवरा, कवी टेड ह्यूज, यानं लावलेल्या क्रमानं आला. प्लाथनं स्वतः काळ्या फाइलीत लावून ठेवलेला क्रम, जो हिवाळा सोसून वसंताकडे जातो, तो २००४ साली छापला गेला. जुन्या क्रमावर उभ्या असलेल्या ‘मृत्यूकडे धावणारी कवयित्री’ या प्रतिमेचं मग काय करायचं?

आणि क्लॉड मॅके या कृष्णवर्णीय लेखकाचं तर पूर्ण पुस्तकच सापडलं. २००९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या दुर्मीळ ग्रंथ विभागात एका प्रकाशकाच्या कागदपत्रांच्या पेट्या लावताना जाँ-क्रिस्तोफ क्लुतिए या विद्यार्थ्याच्या हाती एक टंकलिखित आलं. मॅके १९४८ सालीच वारलेला. या कादंबरीचा कुणालाच पत्ता नव्हता. तीन वर्षं ती त्याचीच आहे हे सिद्ध करण्यात गेली आणि २०१७ साली पेंग्विननं ती काढली. शोधणारा तेव्हा पीएचडीच करत होता, तुम्ही करणार आहात तीच.

आपल्याशी याचा संबंध ओढूनताणून लावायची गरज नाही, तो आहेच. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या, आणि डुबॉइसनी उत्तर दिलं. हे पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि घरबसल्या बघता येतं. जनार्दन वाघमाऱ्यांनी अमेरिकन निग्रो साहित्याची मराठीत सविस्तर ओळख करून दिली, दलित पँथरनं नाव कुठून घेतलं हे तर शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण कोणती पुस्तकं, कोणत्या वर्षी, औरंगाबादच्या किंवा मुंबईच्या कोणत्या ग्रंथालयात आली आणि कुणी वाचली, हा हिशेब अजून नीट मांडला गेलेला नाही. मर्ढेकरांचंही तेच. ते १९२९ ते १९३३ इंग्लंडमध्ये होते, ‘वेस्ट लँड’ तेव्हा ताजी होती. ‘मर्ढेकरांवरील एलियटचा प्रभाव’ हा निबंध आपण सगळ्यांनीच दोन ओळी शेजारी ठेवून लिहिलाय. त्यांनी एलियट कोणत्या आवृत्तीत वाचला, टिपांसकट की टिपांविना, हे विचारलं तर विषय एकदम उघडतो. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ या कादंबरीचे भाग छापल्याबद्दल ‘द लिटल रिव्ह्यू’ या मासिकाच्या संपादिकांना १९२१ साली न्यूयॉर्कमध्ये अश्लीलतेच्या खटल्यात दंड झाला, मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ या संग्रहावरही मुंबईत तसाच खटला चालला आणि ते सुटले. दोन्हीकडची न्यायालयीन भाषा शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे.

आता इथे बसून होतं का, ते. बरंच होतं. मॉडर्निस्ट जर्नल्स प्रोजेक्टवर ‘द लिटल रिव्ह्यू’, ‘पोएट्री’, ‘द इगोइस्ट’, डुबॉइस यांचं ‘द क्रायसिस’ यांचे अंक जाहिरातींसकट फुकट आहेत. जाहिराती सोडू नका, मासिक कुणासाठी निघत होतं ते तिथेच कळतं. इंटरनेट आर्काइव्हवर पहिल्या आवृत्त्या मिळतात. हाथीट्रस्टवरच्या काही भारतातून उघडत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. होगार्थ प्रेसचा कागदपत्र-संग्रह रेडिंग विद्यापीठात आहे आणि त्यातलं पुष्कळ मॉडर्निस्ट आर्काइव्हज पब्लिशिंग प्रोजेक्टनं चढवलंय. जे बघाल ते त्याच दिवशी उतरवून घ्या आणि तारीख लिहा. २०२३च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली डिजिटल हस्तलिखितं कित्येक महिने बंद पडली. ज्यांनी उतरवून ठेवलं नव्हतं ते हात चोळत बसले.

संग्रहपालांना इमेल करायला लाजू नका. ‘मला वुल्फवर माहिती हवी’ असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही. संग्रहाची सूची आधी वाचून, पेटी आणि फोल्डरचा क्रमांक देऊन, दोन पानांच्या प्रती मागितल्यात तर बहुतेकदा येतं. हेमिंग्वेसाठी बॉस्टनचं केनेडी ग्रंथालय, फिट्झजेराल्डसाठी प्रिन्स्टन, पाउंडसाठी येलचं बायनकी, आणि कुणाचंही काहीही असू शकेल असं टेक्सासचं हॅरी रॅन्सम सेंटर, ही नावं पाठ असू द्या. अमेरिकन साहित्यासाठी आमच्या आधीच्या पिढ्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटरच्या वाऱ्या करत. जुने अमेरिकन टीकाग्रंथ लागले तर त्या ग्रंथालयाची चौकशी करून ठेवा. परदेशी जायचंच तर फुलब्राइट-नेहरू आणि चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहेत, पण अर्जात ‘अमुक पेटीतला अमुक कागद मला बघायचाय’ हे लिहिता आलं तरच जा. ते लिहिण्याइतकं काम इथेच करावं लागतं.

प्रताधिकाराचं एक लक्षात ठेवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणून एलियटनं हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन इथे १ जानेवारी २०२६ पासून मुक्त झालं. इंग्लंडमध्ये सत्तर वर्षांचा नियम आहे, तिथे २०३५ अखेरपर्यंत थांबावं लागेल. मृत्यूनंतर छापलेल्या खर्ड्यांना आणि पत्रांना वेगळा हिशेब लागतो, ती प्रबंधात लांबलचक उद्धृत करताना जपून.

विषय म्हणाल तर लहान घ्या. ‘क्रायटेरियन’चा पहिला अंक पूर्ण वाचा. ‘वेस्ट लँड’च्या सोबत त्यात इंग्रज समीक्षक सेंट्सबरीचा कंटाळवाणेपणावरचा निबंध आहे, दोस्तोयव्हस्कीच्या एका न लिहिलेल्या कादंबरीचा आराखडा आहे, ‘युलिसिस’वरचं फ्रेंच लेखक लार्बोचं व्याख्यान आहे. मग ‘डायल’चा नोव्हेंबर १९२२चा अंक वाचा. तीच कविता दोन शेजारांत दोन वेगळ्या वाचकांना कशी दिसली असेल, यावर एक अख्खं प्रकरण होतं, आणि दोन्ही अंक तुमच्या लॅपटॉपवर उघडतात.

गाइड विचारतील, यात सिद्धांत कुठे आहे. आहे. डी. एफ. मॅकेंझी, जेरोम मॅकगन आणि जॉर्ज बॉर्नस्टीन ही पाठ-संशोधनाचा सिद्धांत मांडणारी तीन नावं आराखड्यात घाला आणि नुसती घालू नका, मॅकेंझीची व्याख्यानं छोटीशी आहेत, आठवड्यात वाचून होतील. उद्दिष्टांच्या रकान्यात ‘अभ्यास करणे’, ‘आढावा घेणे’ असली क्रियापदं टाळा. तिथे एक प्रश्न लिहा, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं का ते तपासून मगच आराखडा आरआरसीकडे पाठवा.